शनिवार पाळणारा शिपाई

गेल्या उन्हाळ्यात मी मुलीकडे न्यू जर्सीला दोन महिने राहून आले. तिथे एका शनिवारी रात्री, हाव्दाला झाल्यावर, जावयांनी 'हॅक्सॉ रिज' हा सिनेमा लावला. सिनेमा तसा जुना, २०१६ सालचा. आपल्यापैकी पुष्कळांनी तो पाहिला असेल, किंवा नातवंडांनी दाखवला असेल आणि मारामारीचा भाग सुरू होताच डोळे मिटून घेतले असतील. मीही दोनदा मिटले. पण दुसऱ्या दिवशी दुपारी, घरात कोणी नसताना, तो पुन्हा सुरुवातीपासून पाहिला. म्हणून आज त्याविषयी लिहायला बसले आहे.

पुन्हा पाहण्याचे कारण लढाई नव्हे, शनिवार हे होय.

अमेरिकेच्या व्हर्जिनिया राज्यातल्या लिंचबर्ग गावात १९१९ साली जन्मलेला डेस्मंड डॉस नावाचा एक साधा मुलगा. धर्माने ख्रिस्ती, पण ज्या पंथातला होता त्या पंथाचे लोक रविवार नव्हे तर शनिवार पाळतात. शुक्रवारी सूर्य मावळला की काम बंद. महायुद्ध सुरू झाले तेव्हा तो न्यूपोर्ट न्यूजच्या गोदीत कामाला होता. ती नोकरी धरून बसला असता तर सैन्यात जावे लागले नसते. तो गेला, आणि दोन गोष्टी सांगूनच गेला: मी बंदूक हातात घेणार नाही आणि शनिवारी कवायत करणार नाही. मात्र जखमी माणसाची सेवा शनिवारीही करीन. इब्री भाषेत ज्याला आपण 'होवेश' म्हणतो, म्हणजे पलटणीबरोबर राहून मलमपट्टी करणारा शिपाई, ते काम त्याने मागून घेतले. बरोबरच्या शिपायांनी त्याची टिंगल केली, तो प्रार्थना करायला बसला की त्याच्या अंगावर बूट फेकले, वरिष्ठांनी त्याला सैन्यातून काढून टाकायची खटपट केली. तो हलला नाही. शनिवारच्या सुटीच्या बदल्यात रविवारी पडेल ते काम करीत राहिला.

हे पाहताना आपल्याला काय आठवावे? कोकणात आपल्या पूर्वजांना लोक 'शनवार तेली' म्हणत. नवगावच्या किनाऱ्यावर तारू फुटून जे वाचले, त्यांच्या वंशजांपाशी ना तोरा उरली होती ना इब्री भाषा. उरला होता शेमा, सुंता, खाण्यापिण्याचे काही नियम आणि शनिवारी बंद राहणारा घाणा. शेजाऱ्यांनी नाव ठेवले ते त्या बंद घाण्यावरून. हे आपण मुलांना अभिमानाने सांगतो. पण पुढे मुंबईत आल्यावर काय झाले, हे आपण तितक्या मोठ्याने सांगत नाही. माझे वडील एका कचेरीत कारकून होते. शनिवारी अर्धा दिवस काम असे. लग्नानंतर एकदा त्यांनी धीर करून साहेबांपाशी शनिवारची सवलत मागितली. साहेब हसले आणि म्हणाले, मग रविवारी काय करणार? वडिलांनी पुन्हा कधी विचारले नाही. दर शनिवारी सकाळी मशिदीत न जाता ते ट्राम पकडत, आणि आई तोंडाने काही न बोलता त्यांचा डबा भरून देई.

त्यामुळे या सिनेमातल्या एका प्रसंगाला माझ्या डोळ्यांत पाणी आले, आणि तो प्रसंग रक्तबंबाळ लढाईचा नाही. सारी पलटण कड्याखाली तयार उभी आहे, हुकूम झालेला आहे, वरून विचारणा होते आहे की अजून का थांबलात, आणि कॅप्टन ग्लोव्हर सांगतो की डॉसची प्रार्थना व्हायची आहे. ज्यांनी बूट फेकले तेच आता हाताची घडी घालून वाट पाहतात. असे काही घडल्याची गोष्ट डॉसच्या आयुष्यातही सांगितली जाते. ती दिग्दर्शकाच्या मनची नाही.

आता दिग्दर्शकाविषयी. मेल गिब्सन हे नाव आपल्या वाचकांना गोड लागणार नाही. २००६ साली दारू पिऊन गाडी चालवताना त्याला अटक झाली तेव्हा तो यहुदी लोकांविषयी जे बोलला ते जगभर छापून आले. नंतर त्याने माफी मागितली. त्याआधी येशूच्या शेवटच्या दिवसांवर त्याने काढलेल्या सिनेमावरही आपल्या लोकांनी कडक टीका केली होती. माझी एक मैत्रीण त्याचा सिनेमा घरात लावूच देत नाही. तिचे चुकते असे मी म्हणणार नाही. मी पाहिला, आणि पाहिल्यावर प्रामाणिकपणे सांगायला हवे की शनिवार पाळणाऱ्या माणसाची चेष्टा त्यात कुठेही नाही. डॉसबरोबर दुसरा एक होवेश दाखवला आहे, त्याचे नाव शेक्टर, आणि ते काम ओरी फेफर या आपल्याच इस्राएली नटाने केले आहे. त्याच्या वाट्याला संवाद मात्र फार थोडे.

डॉसचे काम अँड्र्यू गारफिल्ड या नटाने चांगले केले आहे. खेडवळ हसू, किंचित वाकलेली मान आणि हट्ट. सज्जन माणूस किती चिवट आणि कधीकधी किती त्रासदायक असतो, हे त्याने ओळखले आहे. दारूच्या आहारी गेलेला बाप ह्यूगो वीव्हिंगने केला आहे. पहिल्या महायुद्धात गाडलेल्या मित्रांच्या थडग्यांपाशी जाऊन बसणारा हा बाप मला मुलापेक्षाही जास्त दिवस आठवत राहील. संकलन आणि ध्वनिमिश्रण यांना ऑस्कर मिळाले ते वाजवीच म्हणायचे. ध्वनी इतका अंगावर येतो की माझ्या मुलीचा कुत्रा पलंगाखाली जाऊन बसला.

पण माझी तक्रार आहे, आणि ती लहान नाही.

सिनेमाचा पहिला अर्धा भाग बंदूक न घेण्यावर खर्च झाला आहे आणि दुसरा अर्धा भाग गोळ्यांवर. मधले जे खरे काम, होवेशचे, ते शिकवायला आणि शिकायला वेळच दिलेला नाही. रक्त कुठे दाबून थांबवायचे, सल्फाची भुकटी कशी टाकायची, मॉर्फिनची सुई कोणाला द्यायची आणि कोणाला द्यायची नाही, रक्तद्रवाची बाटली गोळीबारात उंच कोण धरणार? हे सगळे या माणसाला महिनोन् महिने शिकवले गेले होते. सिनेमात तो जणू नुसत्या श्रद्धेच्या जोरावर उठून धावतो. शिवाय ओकिनावा ही त्याची पहिली लढाई असल्यासारखे दाखवले आहे. तसे नव्हते. त्याआधी १९४४ साली ग्वाम आणि फिलिपाइन्समधले लेटे या दोन्ही बेटांवर त्याने गोळीबारात जखमी आणले होते आणि त्यासाठी त्याला पदकही मिळाले होते. म्हणजे कड्यावर चढला तो नवखा पोरगा नव्हे. आपल्याला काय सोसवते हे ठाऊक असलेला माणूस. मला हे अधिक मोठे वाटते. पहिल्या वेळी माणूस अज्ञानानेही शूर होतो. तिसऱ्या वेळी अज्ञान उरत नाही.

लष्करी न्यायालयाचा प्रसंग, बापाने जुना गणवेश घालून तिथे धावत येणे, कैदेमुळे लग्नाचा मुहूर्त चुकणे, हे सगळे रचलेले आहे. खटल्याची धमकी होती, खटला झाला नाही; लग्न तर १९४२च्या ऑगस्टमध्येच झाले होते. सिनेमावाल्यांनी एवढे मीठमसाला घालणे आपण समजू शकतो. पण ओकिनावाचे रहिवासी कुठे आहेत? १९४५च्या एप्रिल ते जून या तीन महिन्यांत त्या बेटावरचे लाखभर सामान्य लोक मेले असे मानतात. सिनेमात एकही म्हातारी दिसत नाही, एकही मूल रडत नाही. जपानी शिपाई म्हणजे धुरातून निघणारी झुंड. एका भुयारात डॉस एका जखमी जपान्याला पट्टी बांधतो, तेवढे मिनिटभर त्या झुंडीला तोंड मिळते. ते मिनिट मला सर्व स्फोटांपेक्षा मोलाचे वाटले.

मायेदा येथील तो कडा. चारशे फुटांची चढण आणि शेवटचा भाग भिंतीसारखा उभा. पलटण वर पोचली, तोफांचा आणि मशिनगनचा मारा झाला, जे पळू शकले ते खाली आले, सुमारे ७५ जखमी वर राहिले. त्यांच्यापाशी एकटा डॉस राहिला. एकेकाला ओढत कड्याच्या काठाशी आणायचे, दोराला दोन फासांची गाठ मारून त्यात बसवायचे आणि खाली सोडायचे. वरिष्ठांचा अंदाज होता शंभर, डॉस म्हणे पन्नासाहून जास्त नसतील. शेवटी मधला आकडा ७५ लिहिला गेला, असे सांगतात. आपल्या पुण्याचा हिशेब कमी सांगणारा माणूस.

येथे सिनेमाने जे गाळले ते मला सर्वांत जास्त खटकते. ५ मे १९४५ हा दिवस शनिवार होता. पदकाच्या मानपत्रात त्या दिवसाची नोंद आहे: भडिमारात एका तोफखाना अधिकाऱ्याला पट्ट्या बांधून, त्याला थोड्या आडोशाला नेऊन, तोफा पडत असताना डॉसने रक्तद्रव दिला, त्याच दिवशी नंतर, शत्रूच्या गुहेपासून २५ फुटांवर पडलेल्या एका शिपायाला त्याने उपचार करून शंभर यार्ड वाहून नेले. त्याचे चरित्र सांगणारे बहुतेक जण तर ७५ जणांची सुटकाही त्याच शनिवारची धरतात. सिनेमात मात्र सुटका आधी होते आणि शनिवार नंतर येतो. शनिवार म्हणजे प्रार्थना करून आशीर्वाद देण्याचा दिवस. खरा डॉस शनिवारी घाम गाळत होता. हाच तर सगळ्या गोष्टीचा गाभा! जो शनिवारी कवायतीला पाऊल उचलत नव्हता, तो शनिवारी माणसे उचलत होता.

आपल्याकडे याला 'पिक्कुआख नेफेश' म्हणतात. वायिक्रा १८:५ मध्ये आज्ञा पाळून जगण्याविषयी सांगितले आहे, आणि योमा या मसेखेत हाखामीम त्यावरून अर्थ काढतात की आज्ञांपायी जीव गमवायचा नाही. जीव वाचवण्यासाठी शब्बाथ मोडावा, नव्हे, मोडलाच पाहिजे. त्याच्याही आधी, मक्काबींच्या बंडाच्या सुरुवातीला, शनिवारी हात उचलायचा नाही म्हणून सुमारे हजार धार्मिक माणसे गुहांमध्ये मारली गेली, आणि मग मत्तिथ्याहूने ठरवले की शनिवारी हल्ला झाला तर लढायचे. आपल्या पूर्वजांना म्हणे ती बातमी मिळाली नाही. ते त्याआधीच तारवात बसले होते, म्हणूनच आपल्याला हानुक्का ठाऊक नव्हता. मग कोकणात शनिवारी घाण्याच्या बैलाने कोणाला शिंग मारले तर शनवार तेल्यांनी काय केले असेल? मला वाटते, त्यांनी उचलून वैद्याकडे नेले असेल आणि कोणाला विचारत बसले नसतील.

बंदुकीचा प्रश्न वेगळा. सहाव्या आज्ञेतले क्रियापद 'रात्साख' आहे, 'हाराग' नव्हे. म्हणजे खुनाची मनाई आहे, सर्व प्रकारच्या मारण्याची नव्हे. डॉसने ती सर्व मारण्याला लावली. तो त्याचा अधिकार. पण त्याच्या शेजारी मी आणखी एक माणूस उभा करू इच्छिते, ज्याच्यावर असा सिनेमा निघालेला मी पाहिला नाही. कॅप्टन बेन सॉलोमन. मिलवॉकी शहरात जन्मलेला यहुदी, पेशाने दातांचा डॉक्टर. १९४४ साली सायपान बेटावर पलटणीचा डॉक्टर जखमी झाला म्हणून हा दंतवैद्य आपणहून त्याच्या जागी गेला. ७ जुलैच्या पहाटे हजारो जपानी शिपाई चालून आले. पहिल्या खंदकांपासून पन्नास यार्डांवर त्याचा तंबू. दहा मिनिटांत तीसएक जखमी आत आले. शत्रू तंबूत शिरून पडलेल्यांना संगिनी भोसकू लागला तेव्हा सॉलोमनने बंदूक उचलली. मग जखमींना मागे न्या, मी यांना थोपवतो, असे सांगून तो बाहेर पडला आणि एका मशिनगनवर बसला. नंतर त्याचा मृतदेह सापडला तेव्हा समोर शत्रूचे ९८ मुडदे होते आणि त्याच्या अंगावर ७६ गोळ्यांच्या जखमा.

त्याची शिफारस परत आली. कारण काय? दंडावर लाल क्रॉस बांधणाऱ्याने शस्त्र चालवायचे नाही, असा कराराचा अर्थ लावला गेला. वास्तविक स्वतःच्या आणि जखमींच्या रक्षणासाठी शस्त्र वापरायला जिनिव्हाचा करार आड येत नाही. पदक मिळायला २००२ साल उजाडले, म्हणजे ५८ वर्षे. ज्याने बंदूक घेतली नाही त्याला प्रेसिडेंट ट्रूमन यांनी १९४५च्या ऑक्टोबरमध्येच पदक दिले. ज्याने जखमींसाठी घेतली त्याला अर्ध्या शतकाहून जास्त थांबावे लागले. नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर स्वतः जखमी असताना तीस तास लोकांना वाचवणारा काळा होवेश वेव्हर्ली वुडसन, त्याला तर मोठे पदक २०२४ साली जाहीर झाले, मरून १९ वर्षे झाल्यावर. शौर्य एका दिवशी घडते, ओळख वाटणारे हात मात्र फार सावकाश चालतात. आणि सिनेमा त्याहूनही निवडून निवडून चालतो.

आपल्या पिढीला अशा कथेचा पहिला सिनेमा इंग्रजी नव्हता. शांतारामबापूंचा 'डॉ. कोटनीस की अमर कहानी', १९४६ सालचा. मी तो पुष्कळ नंतर, शाळेत असताना, पेणला मामांकडे तंबूत पाहिला. सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली चीनमध्ये गेले, जपान्यांशी लढणाऱ्या चिनी सैनिकांवर शस्त्रक्रिया करीत राहिले, एका लढाईत सलग ७२ तास, आणि १९४२च्या डिसेंबरात, वयाच्या ३२व्या वर्षी तिथेच वारले. शांतारामबापूंनीही खऱ्यावर भरवसा ठेवला नाही. प्लेगची साथ आणि स्वतःवर करून पाहिलेले प्रयोग घुसडले. कोटणीस अपस्माराच्या झटक्यांनी गेले होते. तरीही त्या सिनेमात माणूस काम करताना दिसतो. थकतो, हात धुतो, पुढचा रोगी घेतो. सत्तर वर्षांनंतरच्या या सिनेमात ते हात धुणे नाही.

माझा नातू त्या उन्हाळ्यात तिथेच होता. सैन्यातली वर्षे संपवून मुले फिरायला निघतात तसा तो निघाला होता. तो पलटणीत होवेश होता. सिनेमा अर्ध्यावर असताना तो उठून स्वयंपाकघरात गेला आणि भांडी घासू लागला. मला वाटले, आठवणींनी त्रास होतो आहे. मी मागे गेले. तो म्हणाला, "तसे काही नाही, आजी. तो माणूस एकानंतर एक उचलतो आहे. पण पहिला कोणता उचलायचा हे तो कधी ठरवतो? आणि ज्याला उचलत नाही, त्याच्या समोरून तो कसा जातो? ते दाखवत नाहीत." एवढेच बोलला. मी तीस वर्षे मुलांना निबंध शिकवले, पण या सिनेमावर इतकी नेमकी टीका मला सुचली नव्हती.

मग मी त्याला सिनेमात नसलेला शेवट सांगितला. २१ मेच्या रात्री शुरीजवळ हातबॉम्बने डॉसचे पाय फाटले. दुसऱ्या होवेशला आडोशातून बाहेर बोलावायला नको म्हणून त्याने स्वतःच पट्ट्या बांधल्या आणि पाच तास वाट पाहिली. स्ट्रेचर आले, वाटेत शत्रूचे रणगाडे आले, जवळच एक अधिक जखमी शिपाई दिसला. डॉस स्ट्रेचरवरून खाली सरकला आणि म्हणाला, आधी त्याला न्या. थांबला असताना हाताला गोळी लागून हाड मोडले. तेव्हा त्याने एका बंदुकीचा दस्ता हाताला खपची म्हणून बांधला आणि तीनशे यार्ड सरपटत गेला. आयुष्यात बंदूक वापरली ती एवढीच. पुढे क्षयाने एक फुप्फुस आणि पाच बरगड्या गेल्या, कान गेले, आणि २००६ साली, ८७व्या वर्षी तो वारला.

नातवाने भांडी घासणे थांबवले. "कोणता हात?" त्याने विचारले. मला ठाऊक नव्हते. "एका हाताने खपची बांधता येते," तो म्हणाला, "पण गाठ दातांनी ओढावी लागते." त्याने ओट्यावरचे लाटणे घेतले, माझ्या डाव्या हाताला लावले, पुसायचा पंचा गुंडाळला, आणि आपला डावा हात पाठीमागे धरून, एका हाताने आणि दातांनी गाठ आवळून दाखवली. ती इतकी घट्ट बसली की सोडवायला मुलीला हाक मारावी लागली.